एक बोट जागा

१२ ऑक्टोबर, सकाळी ७
अखेर सापडली! खोऱ्यातली एकुलती एक लांडगीण. वीस वर्षांनी इथे लांडगे परततायत, पुढचं सगळं हिच्यावर. माझं प्रमोशनसुद्धा. बेशुद्ध होती तेवढ्यात जीपीएसचा पट्टा मी स्वतः गळ्यात बांधला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोर सहा महिन्यांची आहे, अजून वाढेल, चार बोटं जागा सोडा. एक सोडली. गेल्या वर्षी एका नर लांडग्याने सैल पट्टा तिसऱ्याच दिवशी काढून टाकला, तेव्हापासून ऑफिस मला ‘पट्टेवाला’ म्हणतं. म्हणा आता.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून डेटा बघणार.

१३ ऑक्टोबर, ९.४०
अलार्म वाजलाच नाही. बायको म्हणते वाजला.

१८ नोव्हेंबर
लांडगीण रोज वीस किलोमीटर चालतेय. पट्टा जागच्या जागी. कॉन्फरन्ससाठी माझा फोटो काढून घेतला. निळा शर्ट.

५ जानेवारी
मुलीला शाळेचे बूट चावतात म्हणे. वापरून सैल होतील, मी म्हटलं. बायको म्हणाली, पाय वाढतो, बूट नाही. हिला प्रत्येक गोष्टीत वाद.
लांडगीण आता दिवसाला चारच किलोमीटर. हद्द पक्की केली वाटतं. उत्तम.

२२ जानेवारी
जंगलातल्या कॅमेऱ्यात दिसली. डॉक्टरीणबाई फोटो मोठा करून बघत बसल्या. म्हणाल्या, मान सुजलीय, आत्ताच्या आत्ता पकडून पट्टा कापू, परवानगीवर सही द्या. मी म्हटलं, थंडीत केस दाट होतात. सोमवारी मोठे साहेब येणार, नकाशावर हलता ठिपका बघायला. पट्टा कापला तर दाखवू काय, कपाळ? मंगळवारी सही करणार. नक्की.

२५ जानेवारी, सोमवार
ठिपका हललाच नाही. प्रसंगावधान राखून सांगितलं, बिळात बसलीय, पिल्लं होणार. टाळ्या! नंतर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नऊ महिन्यांच्या पोरीला पिल्लं? अपवाद असतात.

२६ जानेवारी
पट्ट्याकडून आपोआप मेल आला: प्राणी मृत. सेन्सर बिघडला असणार. कंपनीला कडक पत्र लिहिलं. या गडबडीत सही राहिली.

२८ जानेवारी
सेन्सर बरोबर होता.
झुडपाखाली पडली होती. हाडं नि कातडं. डॉक्टरीणबाईंनी कात्री काढली, पण पट्ट्याखाली शिरेना. मग माझ्याकडे वळल्या. “बोट घालून बघा, साहेब.”
घालून बघितलं. गेलं नाही.
रिपोर्टमध्ये लिहिलंय, पट्टा शेवटपर्यंत सुटला नाही. ऑफिसात आज मला कुणीच पट्टेवाला म्हणालं नाही.