वरचं तेल

दहिवली, कर्जत
ता. २० मे १९८४

प्रिय धर्माजी,

सप्रेम जयभीम. आम्ही सगळे बरे आहोत. तू बरा असशील असं धरून चालतो, कारण तू कळवत नाहीस.

कर्जतच्या बाजारात दोन फूट पारदर्शक नळी मिळत नाही, याची सरकारदरबारी नोंद व्हायला हवी. सायकलवाल्याकडे काळी होती. तिच्यातून बुडबुडाच काय, बेडूक गेला तरी दिसायचा नाही. शेवटी दवाखान्यातल्या कंपाउंडरने सलाइनची जुनी नळी दिली, तीही "पेशंट कोण?" असं तीनदा विचारून. पेशंट फियाट आहे म्हटल्यावर त्याने माझीच नाडी बघायला घेतली.

होय, तुझीच गाडी. सहा वर्षं आमच्या परसात चिंचेखाली उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत आणि खाली उतरताना माझ्याकडे मालकासारखं बघत. इंजिन एका मिस्त्रीने बोलतं केलं. ब्रेकची हवा मात्र मीच काढणार म्हटलं.

गेल्या रविवारी तुझी वहिनी चंद्रभागा पेडलवर आणि मी पाना घेऊन मागच्या डाव्या चाकाशी. बाटलीत बोटभर ब्रेक ऑइल, त्यात नळीचं एक टोक, दुसरं चाकामागच्या निपलवर, म्हणजे हवा काढायच्या तोटीवर. तू शिकवलं होतंस तसंच. तिने दाबून धरायचं, मी निपल सैल करायचा, हवा गेली की आवळायचा, मग तिने सोडायचं. वीस वर्षांच्या संसारात तिने माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

"अवो, दाबलाय. सोडू?"

"नको गं! मी सांगेपर्यंत नको!"

"मंग सांगा लवकर. पायाला मुंग्या आल्या. तुमच्या भाषनात पन येवडं बसावं लागत नाय."

चारही चाकं झाली. नळीत नुसतं तेल येऊ लागलं. मी पाठ झटकत उठतोय तोच ती म्हणाली, "वरचं तेल बगितलं का तुमी?"

त्या जुन्या सकाळचं तिला काही ठाऊक नव्हतं.

धर्मा, अठ्ठ्याहत्तरच्या जयंतीची सकाळ. तू गाडीखाली, मी पेडलवर, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, कारण खोपोलीत माझं भाषण होतं. शेवटच्या चाकानंतर तू खालून विचारलंस, "दादा, वरचं तेल बगितलंस का?" चाकागणिक तेल कमी होतं, बॉनेटखालची वरची डबी पुन्हा भरावी लागते, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "काठोकाठ हाय रं."

निघताना ब्रेक लागत होते. खोपोलीच्या उतारावर पेडल तळाला गेलं. तू गाडी बांधावर घातलीस म्हणून आपण पाचही जण वाचलो; येसूमावशीचा हात तेवढा मोडला. लोक म्हणाले, धर्मा प्यायला असणार. पंचशील घेतल्यापासून थेंब न चाखलेला तू! तेव्हा तुझ्या बाजूने बोलायचं सोडून मी विहाराच्या ओट्यावर म्हणालो, "ब्रेक कोरडा होता, ड्रायव्हर नव्हता."

लोक हसले. आठ दिवसांत ते वाक्य नेरळपर्यंत गेलं आणि महिन्याभरात तू नाशिकला. त्यातलं पहिलं अर्धं खरं होतं, हे मला एकट्यालाच माहीत होतं.

मंगळवारी पौर्णिमेला, वंदना झाल्यावर, मी विहारात उभा राहिलो आणि त्या सकाळचं सगळं सांगितलं, सदऱ्यासकट. पहिली दोन मिनिटं लोक विनोदाची वाट बघत होते. येसूमावशी वाकडा हात मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "कमळ्या, सदरा मातर पांढरा ऱ्हायला रं तुजा."

मी टाळीशिवाय खाली बसलो. असं पूर्वी झालेलं नाही.

गाडी तयार आहे. वरच्या डबीत मी बोट बुडवून पाहिलंय. न्यायला ये, किंवा नको येऊस, ते तुझ्यावर. पण तू गाडीखालून विचारलं होतंस, त्याचं उत्तर माझ्याकडे राहिलं होतं.

नाय रं. मी झाकण उघडलंच नव्हतं.

तुझा दादा, अजून म्हणवत असेल तर,
कमळाकर