गुरुवारी शिजवलेलं सूप

आये,

काल मी तुझ्या घरात डुक्कर शिजवलं. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे कपाळावर हात मारायचा तो एकदाच मारून घे आणि मग पुढचं ऐक. तुझं घर म्हणजे तू पाहिलेलं ते नाही. विमानतळासाठी गाव उठलं, बदल्यात करंजाड्याला प्लॉट मिळाला, त्यावर हे घर उभं राहिलं, तोवर तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती. इथे चूल नाही, काचेची तीन बर्नरची शेगडी आहे. पण टोप तुझाच, तो मोठा जर्मनचा, बुडाला पोचा आलेला. आणि वार गुरुवार. तू ज्या दिवशी सुकटीचा डबासुद्धा उघडू द्यायची नाहीस, तो वार. यातलं काहीही चुकून झालेलं नाही. सगळं ठरवून, बाजारहाट करून, एकदा फसून, दुसऱ्यांदा केलेलं आहे.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. चोवीस वर्षं झाली. भावानं कोर्टात लग्न केलं होतं आणि तिसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला होता. उरणची मुलगी, ख्रिश्चन, पण बोलणं आपल्याच वळणाचं. हिरवी साडी नेसलेली, आणि हातात कापडी पिशवी. सासूकडे पहिल्यांदा रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून तिच्या आईनं घरात होतं त्यातलं सगळ्यात चांगलं दिलं होतं, लाल सॉसेजची एक अख्खी माळ. तिनं ती पिशवी तुझ्यापुढे धरली, तू आत डोकावून बघितलंस आणि हात मागे घेतलास. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. तू आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर बरं झालं असतं, आरडाओरडा लोक विसरतात.

"माझे चुलीवर डुकर शिजाचा नाय," तू म्हणालीस. "ज्याला खावाचा हाय त्यानं परत ह्यो उंबरा वलांडाचा नाय."

भावानं बायकोच्या हातातली पिशवी घेतली, तिचा हात धरला आणि दोघं आलेल्या वाटेनं परत गेली. संध्याकाळी मी तुला एवढंच विचारलं, की अगं त्यात एवढं काय होतं. तू म्हणालीस, डुक्कर चिखलात लोळतं. तेव्हा मी गप्प बसले, आज बसणार नाही. निवट्या कुठे राहतात गं आये? सतरंजीवर? भरती ओसरली की कमरेएवढ्या चिखलात हात घालून तू त्या काढायचीस, चिंबोऱ्या काढायचीस, आणि त्याच चुलीवर कालवण रटरटायचं. खाडीतलं जे हलतं ते सगळं आपण खाल्लं. चिखलाचं कारण सांगू नकोस. तुला सून नको होती, आणि तिनं आणलेली पिशवी तुझ्या पथ्यावर पडली.

तू हट्टी होतीस, आणि तो तुझाच मुलगा. त्यानंतर आठ वर्षं तू होतीस, तो आला नाही. शेवटच्या आजारात तुझी नजर दाराकडे जायची. बोलवू का त्याला, म्हणून मी विचारलं, तर तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. तुला खांदा द्यायला आला, स्मशानातून अंगणापर्यंत आला, बाहेरच्या नळावर पाय धुतले आणि तिथूनच निघून गेला. त्यानंतर सोळा वर्षं मी त्याला बोलावते आहे. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, येता-जाता हायवेवरून आपल्या घराची गच्ची दिसते त्याला, पण वळत नाही. मला बाहेर भेटतो, स्टँडसमोर चहा पाजतो, भाऊबीजेला मी ताट घेऊन उरणला जाते. माझं लग्न झालं नाही, ब्लाउज शिवत आयुष्य गेलं, माझं म्हणावं असं माणूस तेवढं एकच. मी साठीला आले. एकदा तरी त्यानं माझ्या हातचं माझ्या घरात बसून खावं, एवढंच मला हवं होतं. यात काही फार मागितलं असं मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात मी त्याला सरळच विचारलं, की आये गेली, ते घर गेलं, तो उंबरासुद्धा जमीनदोस्त झाला, आता कशासाठी अडला आहेस? त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "मना खावाचा हाय म्हणून नाय गो. तिनं आनलेला तुमचे घरान ज्या दिशी शिजल, त्या दिशी येन."

एवढंच होतं तर चोवीस वर्षांत बोलला का नाही, हे विचारण्यात अर्थ नव्हता. बोलला असता तर मी तरी केलं असतं का, कुणास ठाऊक.

वहिनीला फोन केला. तिनं मोबाइलवर बोलून सगळी कृती पाठवली, मध्ये मध्ये कुकरची शिट्टी ऐकू येते. त्याला आता पोटाचा त्रास आहे, तिखट बंद आहे, म्हणून ती त्या सॉसेजचं सूप करते. भरपूर भाज्या, बटाटा, वर पास्ता, म्हणजे पोटभरीचं होतं. सामान मी नवीन पनवेलला जाऊन आणलं. गोठवलेलं मटण विकणाऱ्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानदारानं माझ्याकडे, माझ्या कुंकवाकडे बघितलं आणि माळ आधी पेपरात, मग काळ्या पिशवीत गुंडाळायला लागला. मी म्हटलं, साध्या पिशवीत द्या, दिसली तरी चालेल. शेअर रिक्षात ती मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई थोडी सरकली. मला आणखी ऐसपैस बसता आलं.

मंगळवारी करून बघितलं आणि तिथे तू आडवी आलीस. तुझी रीत, टोपात पाणी पडलं की आधी मूठभर मीठ, मग बाकी सगळं. मिठागरातलं घरचं मीठ, त्याचा मान पहिला. मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा आधी डाळ टाकली, तर तू डावाचा दांडा मनगटावर मारला होतास. म्हणालीस, ज्या मिठानं आपले पाय फुटतात त्याला मागे ठेवतेस? तुझ्या टाचांच्या भेगा तेव्हा इतक्या खोल होत्या, की त्यात दोरा बसला असता. तेव्हापासून ती रीत हातात कायमची बसली. मिठागर बुजलं, जाडं मीठ मी आता दुकानातून आणते, पण हात काही ऐकत नाही. मंगळवारी पाणी ठेवलं, मूठ टाकली, मग सॉसेज. ती आधीच मिठात मुरवलेली असतात. तासाभरानं चव घेतली तर भरतीचं पाणी. भाज्या, पास्ता, सगळं गेलं.

वहिनीला सांगताना मला लाज वाटत होती. ती हसायला लागली, इतकी की तिला बोलता येईना. चोवीस वर्षांत ती माझ्याशी नीट, मोजकं बोलत आली. तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, लग्नानंतर पहिल्या आजारपणात त्यानं तिच्यासाठी हेच सूप केलं होतं आणि त्यानंही पहिल्यांदा पाण्यात मूठभर मीठच टाकलं होतं. दोघांनी ते तसंच प्यायलं होतं म्हणे, कारण त्याला फेकवेना. मग ती म्हणाली, "ताई, मिठाचा डबाच सैपाकघरातून भायेर ठेवा. तुमच्या घरच्यांच्या हाताचा भरवसा नाय."

म्हणून काल सकाळी डबा उचलून शिवणाच्या खोलीत मशीनखाली ठेवला. मग टोप तापवला. सॉसेजची सालं काढली, तुकडे केले आणि नुसतेच टोपात टाकले, तेलाशिवाय. ते आपली लाल चरबी सोडत बसतात, घाई करायची नाही. जास्तीची चरबी काढली, उरलेल्यात कांदा-लसूण परतला. गाजर, फरसबी, बटाटा, कोबी, दोन टोमॅटो. वरून दोन तांबे गरम पाणी. टोपावर झाकण ठेवलं आणि मी दारं-खिडक्या उघडल्या. तुला वाटेल वास जायला. नाही, वास लोकांना यायला.

वरच्या मजल्यावरून काकी उतरलीच. ती आता पंच्याऐंशीची आहे, पण तिचं नाक पंचविशीतलं आहे. जिन्यातूनच म्हणाली, "कसला वास येतो गो? आज बेस्तरवार ना?"

मी म्हटलं, हो, गुरुवारच आहे, आणि डुकराचं मटण शिजतंय, भाऊ येतोय जेवायला. काकी दारात उभी राहिली. तुझी जाऊ ती, तुझ्याच तालमीतली. मला वाटलं आता तोंड सुटेल, आणि मी उत्तरं तयार ठेवली होती, निवट्यांचं तर पहिलंच. पण तिनं टोपाकडे बघत विचारलं, तो खरंच येतोय का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, त्याला तांदळाची भाकरी आवडायची, मी दोन टाकून देते, पण तुझ्या गॅसवर नाही, माझ्या. आणि वर गेली. सगळी उत्तरं माझ्याजवळच राहिली.

साडेबारा वाजता शेवटी पास्ता टाकला. लहान शिंपल्यांच्या आकाराचा आणला होता, त्याच्या पोटात रस भरतो. चव घेतली. मीठ बरोबर होतं, चिमूटसुद्धा घालावं लागलं नाही. आये, चांगलं झालं होतं. तू खाल्लं असतंस तर तुलाही आवडलं असतं, आणि तू ते कधी कबूल केलं नसतंस.

ती दोघं एकच्या सुमाराला आली. नवीन घराला उंबरा कसला, दारात काळ्या दगडाची बोटभर पट्टी आहे. तो त्या पट्टीपाशी येऊन थबकला. वहिनीनं चपला काढल्या आणि त्याच्या आधी ती आत आली, सरळ सैपाकघरात गेली, झाकण उचललं, वास घेतला. तिथूनच म्हणाली, "या आत. शिजलाय." मग तो आला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण पाय टाकला तो लहानपणी ओल्या सारवणावर टाकायचा तसा, जपून.

बसला नाही. हॉलमध्ये उभा राहून चारी भिंती बघायला लागला. मग त्यानं विचारलं, "आय कुठं हाय?"

इथपर्यंत तुला मी फार ठणकावून लिहिलं. आता खरं लिहिते. पत्र तुला पोचायचं नाही, कापडाच्या कपाटात पडून राहणार, म्हणूनच लिहिता येतंय. काल सकाळी, शेगडी पेटवायच्याही आधी, मी तुझा फोटो भिंतीवरून काढला होता आणि कपाटात साड्यांच्या मागे ठेवला होता, पालथा. वास सगळ्या आळीला यावा म्हणून खिडक्या उघडणारी मी, तुला मात्र कपाटात घातलं होतं. मी त्याला काहीतरी सांगणार होते, काच बदलायला दिलाय असं. पण तो माझ्याकडे बघत होता. मी कपाट उघडलं.

त्यानं फोटो रुमालानं पुसला, स्टुलावर चढून खिळ्याला लावला, सरळ लागला की नाही ते वहिनीला विचारलं. मग त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसला आणि तुझ्याकडे बघत दोन वाट्या सूप जेवला, काकीची भाकरी बुडवून. वहिनी त्याच्या शेजारी बसली.

मीही जेवले. पण माझी खुर्ची मी अशी लावली होती, की तुझ्याकडे पाठ राहील.