सही केलेलं पान

११ जून, रविवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा खोकला गेला. दुकानात शाळेच्या गणवेशांची गर्दी सुरू झाली आहे. काजं-बटणं करून माझी बोटं सुजली आहेत, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे. शब्द मात्र शब्दकोशात बघून लिहितो आहे.

आई ज्यांचे सिनेमातले पोशाख शिवायची, त्या राणीबाईंचं तू पाठवलेलं आत्मचरित्र वाचून झालं. "असली पुस्तकं वाचण्यात काही अर्थ असतो, की नुसता स्वतःचा ढोल? आईला वाचून दाखव आणि खरं काय ते कळव," असं तू लिहिलं होतंस. तर कळवतो. कागद चांगला आहे. फोटो भरपूर. लहानपणच्या गरिबीचा भाग खरा वाटतो. कुत्र्यावर एक अख्खं प्रकरण आहे आणि नवऱ्यावर दीड पान. आई म्हणाली, "कुत्रा जास्त टिकला असेल."

इथेच पत्र संपवता आलं असतं.

काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने शिवून आईचे डोळे अधू झाले, ते तुला ठाऊकच आहे. संध्याकाळी मी वाचायचो आणि ती चाचपून बटणं निवडत बसायची. दर प्रकरणाला विचारायची, "माझं आलं का रे?" आणि स्वतःच हसायची. दुकानात आमचे शिंपी मास्तर तिला चिडवायचे, "अहो, आपण म्हणजे अस्तर. अस्तर कधी कुणी उलटून बघतं का?" ती म्हणायची, "सगळं नको. जिन्यावरच्या नाचाचं तेवढं येईल, बघाच तुम्ही."

मग तो नाच आला. ऐन चित्रीकरणाच्या वेळी पिवळा पोशाख पाठीवर उसवला होता आणि आईने तो राणीबाईंच्या अंगावरच शिवला होता. सुई त्यांना लागू नये म्हणून तिने डावा तळहात कापडाच्या आत घातला, सगळे टोचे हातावर घेतले आणि ब्र काढला नाही. लहानपणी आपण त्या खुणांवरून बोट फिरवायचो. पुस्तकात छापलं आहे: "मी स्वतःच सुई-दोरा घेतला आणि पोशाख टाचला." स्वतःच्या पाठीवर, ताई! हात मागे वळवून!

आईने बटणांची वाटी खाली ठेवली होती. मी वाचलं: "आमच्या शिवणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीशी आपला तळहात धरला. मला एकही टोचा लागला नाही. त्यांना लागत होते, ते मी आरशात बघत होते."

यातलं काहीच पुस्तकात नाही. मी रचलं. एरवी जोडाक्षर आलं की अडखळतो. तेव्हा अडखळलो नाही.

 आई तळहात डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "बघत होती म्हणजे. मी तर तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दुकानभर झालं. मास्तरांनी तिला स्वतःची खुर्ची दिली. पुस्तक कुणी मागितलं की "पानं मळतात" म्हणून मी देत नाही.

गेल्या रविवारी राणीबाई चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात सह्या करायला आल्या. मी डोकं दुखत असल्याचं सांगितलं. आई म्हणाली, "मग झोप तू. मी विचारत विचारत जाईन." गेलो. रांगेत उभे राहिलो.

"तुम्ही माझं लिहिलंत, बाई," आईने हात पुढे केला. "जिन्यावरचा नाच. हा तो हात."

राणीबाईंनी हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि हसल्या. "लिहिणारच ना! तुम्हाला कशी विसरेन?" पुस्तक त्यांनी स्वतः लिहिलेलं नाही आणि वाचलेलंही नाही, हे मला तेव्हा कळलं. "थांबा, त्याच पानावर सही करते. कुठलं पान?"

"दाखव रे, बाळ्या," आई म्हणाली.

मी जिन्याचं पान उघडलं. त्यांनी पेन टेकवलं आणि त्यांची नजर नेमकी "मी स्वतःच सुई-दोरा घेतला" या ओळीवर गेली. मग पुन्हा आईच्या हातावर. मग माझ्यावर. त्यांनी सही केली आणि पेनाला टोपण लावायचं विसरल्या. राणीबाईंची मान जास्त खाली गेली की माझी, सांगता येणार नाही.

आता आई म्हणते, "मोठी आली की तिच्याकडून दुकानात सगळ्यांसमोर वाचून घेऊ. तू फार घाईत वाचतोस."

खरं म्हणजे त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो. माझी वाक्यं तुला पाठवायची आणि तू ती तशीच वाचावीस, अशी विनंती करायची. वेगळ्या कागदावर वळणदार अक्षरात काढूनही ठेवली होती. मग त्या अक्षराकडे बघून मला माझीच किळस आली. तो कागद मी फाडला. आईचं काम धड होतं, ताई. धड कापडाला मी ठिगळ लावलं.

असली पुस्तकं वाचावीत की नाही, ते मला सांगता येत नाही. राणीबाईंनी एक ओळ खोटी छापली म्हणून मी चिडलो आणि तीन ओळी खोट्या वाचल्या.

आई आत पडली आहे. आधी हे पत्र पेटीत टाकून येतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. मग तिला सांगतो. तू आल्यावर तिने पुस्तक पुढे केलं नाही, तर समज की मी सांगितलं. केलं, तर जे छापलं आहे तेच वाच. मी शेजारीच बसलेला असेन.

आईचा अजून तरी लाडका,
तुझा धाकटा भाऊ