कोवलमची निळी पेटी

॥ श्री ॥

अड्यार, चेन्नई
माघ शुद्ध दशमी, शके १९४७

चिरंजीव संयुक्ता हीस आप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम. तुझ्या आईचा गुडघा मार्गळी महिन्याच्या गारव्यापासून धरला आहे, तरी दारात रोज कोलम रेखाटणे चुकत नाही. माझ्या प्रवचनात सध्या दशावतार चालू आहेत. श्रोते सात, त्यांतील दोन निद्रिस्त.

पौर्णिमेस तुझ्या नव्या कारखान्याची वास्तुशांत असल्याची पत्रिका पोहोचली. वर केवळ आईचे नाव होते. ते योग्यच.

सोमवारी तिरुविडंदैच्या पेरुमाळाचे दर्शन घेऊन बसने परतत होतो. वाटेतल्या कोवलमला एक वृद्धा चढली आणि निळी पेटी पायांशी ठेवून शेजारी बसली. मी पंचांग चाळीत होतो. बऱ्याच वेळाने सहज विचारले, "अम्मा, पेटीत फुले आहेत काय?"

ती खळखळून हसली. "मासे आहेत, सामी! भिऊ नका, उडी मारणार नाहीत."

मी पाय आखडले; परंतु ना दुर्गंध, ना पाण्याचा थेंब.

"पूर्वी टोपली दिसली की कंडक्टर बस थांबवायचाच नाही," ती म्हणाली. "आता तोच पेटीला हात लावतो. एका पोरीने केली ही. आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यातली सरकारी नोकरी सोडून आलेली. पहिल्या अकरा पेट्या गळल्या. आम्ही तिला गळकी ताई म्हणून चिडवायचो. पण दोन वर्षं आमच्यासारखीच टोपली डोक्यावर घेऊन हिंडली. म्हणायची, ओझं मानेला कळल्याशिवाय पेटी हाताला कळायची नाही."

माझा ऊर अभिमानाने भरून आला. तोच ती पुढे म्हणाली, "घरी जाण्याआधी माझ्या झोपडीमागे न्हायची, केसांना लिंबू चोळायची. एवढं कशाला गं, म्हटलं, तर म्हणे, आमचे आप्पा देवाचे आहेत. अड्यारचेच कुणी मोठे सामी. तुम्ही ओळखता?"

मी 'नाही' म्हणालो.

दर्शन घेऊन आलेल्या मुखाने, संयुक्ता, मी असत्य बोललो.

आजीच्या श्राद्धाचा तो दिवस तूही विसरली नसशील. आईला ज्वर चढल्याचे कळताच तू किनाऱ्यावरून तशीच धावत आलीस, आणि मी उंबरठ्यावर हात आडवा धरला. "मागच्या नळावर जा," म्हणालो. तू औषध पायरीवर ठेवून परतलीस, ती आजतागायत आली नाहीस. दोन वर्षे मी त्याला सोवळे म्हणत आलो. भगवंताने प्रथम मत्स्यरूप धारण केले, हे उच्च स्वरात सांगणाऱ्या मला, लेकीच्या केसांना आलेला तोच वास सोसवला नाही.

अकरा पेट्या गळूनही तू बारावी केलीस. माझे पात्र तेवढ्यात एकदाच तपासले गेले, आणि गळले.

तुझी अनुज्ञा असल्यास पौर्णिमेस पुण्याहवाचन मी स्वतः करीन. त्या वृद्धेस पुढच्या आसनावर बसव. तिला दिलेले उत्तर मला चारचौघांत सुधारायचे आहे.

नंतर आमच्याबरोबर घरी ये, कामावरच्या त्याच वस्त्रांत, पुढच्या दाराने. मागच्या नळाची तोटी मी काल काढून टाकली. तुझी आई विचारते आहे, आता झाडांना पाणी कोठून घालायचे?

तुला ओळखणारा,
आप्पा