लाल बॅगवालीचं काय झालं?

३ मार्च, मंगळवार

आज भिंतीचे पोपडे दोनदा मोजून झाले. प्लास्टरचे अजून अठरा दिवस! पाय म्हणजे नुसता ओंडका. खोली एवढीशी. त्यात माझी खाट, नातीची खाट, कपाट, आणि आता टीव्ही. सूनबाईने इथे आणून ठेवला. "आई, तुमचा वेळ जाईल." कुठला जातोय! तोही माझ्यासारखाच अडकून बसलाय.

पण खरं सांगू? मी खूश आहे. नात दहा दिवस शाळेत गेली नाहीये. पंधरा वर्षांची. का जात नाही, सांगत नाही. दिवसभर माझ्याच खोलीत! बोलत नाही, पण असते ना. मी शिकले चौथीपर्यंत, पण अक्षर अजून बरं येतंय. तिच्याच जुन्या वहीत लिहितेय, मागच्या पानांवर.

४ मार्च, बुधवार

संध्याकाळी सातला एक मालिका लागते. शाळेतल्या पोरापोरींची. नावं काही ध्यानात राहत नाहीत, मीच ठेवलीत. लाल बॅगवाली, झिपऱ्या, आणि ती नाक वर करून चालते ती महाराणी. आज लाल बॅगवालीने आईच्या तोंडावर दार आपटलं. मी म्हटलं, "मी असते तर थोबाडच फोडलं असतं!" तर आमची चिमणी, भिंतीकडे तोंड करून पडलेली, म्हणते कशी, "आजी, आईने दार उघडून आत यावं असं वाटतंय तिला."

दहा दिवसांत पहिलं अख्खं वाक्य! मी पाय विसरून उठायलाच गेले. आई गं!

हिचा बाप या वयात असाच दार आपटायचा. मी बाहेरून म्हणायचे, राहा तसाच उपाशी. त्याला तेव्हा काय हवं होतं ते मला आत्ता कळतंय, तेही टीव्हीवरून. गंमतच म्हणायची.

६ मार्च, शुक्रवार

जाहिराती लागल्या की बोलायचं, मालिका लागली की गप्प. नियम कुणी केला नाही, आपोआप झाला. आणि बोलायचं ते फक्त त्यांच्याबद्दल. "तू का गं जात नाहीस शाळेत?" म्हटलं की कासव पाय आत घेतं. "लाल बॅगवाली का गं रुसली?" म्हटलं की घडाघडा सुरू! झिपऱ्या मुद्दाम उद्धट बोलतो, कारण घरी त्याचं कुणी ऐकत नाही म्हणे. महाराणी म्हणे आतून घाबरट आहे. पोरीला किती कळतं! मी तर झिपऱ्याला उनाड म्हणून मोकळी झाले होते.

९ मार्च, सोमवार

मुलगा आला, आत नाही आला. उंबऱ्यावरूनच तिला म्हणाला, "शुक्रवारपर्यंत कारण सांग. नाहीतर शनिवारी वसतिगृह. मी बोलून ठेवलंय."

"बरं."

एवढंच! मग तिला पाणी आणायला पाठवून माझ्या कानाशी, "आई, तूच काढ हिच्या तोंडून. तुझ्याशी बोलते ती."

मी काय पोलीस आहे?

वसतिगृहाच्या खिडक्यांना गज असतात. ती गेली की इथे मी आणि पोपडे. स्वार्थ आहे माझा, वहीपासून काय लपवायचं.

१० मार्च, मंगळवार

विचारलं. सरळच विचारलं, "बाळा, कुणी काही बोललं का तुला?" तिने उशी डोक्यावर घेतली. मालिकासुद्धा बघितली नाही. कुठून दुर्बुद्धी झाली मला!

११ मार्च, बुधवार

आज बसली बघायला. जाहिराती फार होत्या. साबणवाल्यांचं भलं होवो!

१२ मार्च, गुरुवार

हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. लिफ्ट, चाकाची खुर्ची, रस्ता. केवढी माणसं मोकळी फिरतायत! प्लास्टर आणखी आठवडाभर वाढवलं मेल्याने. घरी येईपर्यंत मालिका संपलेली. इतकी हळहळले मी. "सांग ना गं, लाल बॅगवालीचं काय झालं?"

चिमणी थोडा वेळ नखं कुरतडत बसली. मग सांगायला लागली. महाराणी आणि दोघीजणी तिला खेळाच्या सामानाच्या खोलीत घेऊन गेल्या. जाळी आणायची आहे म्हणून. आणि बाहेरून कडी. दोन तास! अंधार, गाद्यांचा कुबट वास. ती ओरडली की बाहेर खिदळणं. त्यात तिच्या जिवलग मैत्रिणीचाही आवाज. शिपायाने दार उघडलं तेव्हा तिचे कपडे ओले झाले होते. सगळ्यांनी बघितलं.

मी गोष्टीच्या भरात! "अगंबाई, एवढी घोडी आणि ओलं केलं?" हसूच आलं मला. "दाराला लाथ घालायची. मातीचा गोळा आहे नुसती!"

"हो ना," म्हणाली, "बावळटच आहे ती."

आणि दिवा घालवला. मला पुढचं ऐकायचं होतं. एवढ्या लवकर कसली झोप हिला!

१३ मार्च, शुक्रवार

कालचा भाग दुपारी पुन्हा दाखवतात. चिमणी आंघोळीला गेली तेव्हा लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. लाल बॅगवाली मामाकडे गेलेली. अख्ख्या भागात शाळाच नाही.

पाण्याचा आवाज थांबला. ती आली की दुसरं काही नाही, आधी माफी मागायची. काल मी हसले.