औषधाची सूट

२९ ऑगस्ट, जळगाव
अखिल रात्री आठला पावभाजी खाऊन आला. माझ्या सासूबाईंसमोर — स्वतःच्या आजीसमोर! — हात पुसले. चूक माझीच. लहानपणी ताप आला, परीक्षा आली, की मी त्याला सूर्यास्तानंतर दूध द्यायची. सवलतींतूनच मुलगा हातचा गेला. त्याची लेक विधी मात्र माझ्या हाताखाली वाढली. एकोणीस वर्षांची. चौविहार एकदाही मोडला नाही. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही नाही.

३१ ऑगस्ट
सासूबाईंना अठ्ठ्याऐंशीवं चालू. सातनंतर थरथरतात. डॉक्टर म्हणाले, "शुगर उतरते. लगेच ग्लुकोज पाजा." जैन स्थानकातल्या महाराजसाहेबांनीही सांगितलं, औषधाला सूट आहे. पाजते. स्वयंपाकघराचं दार लावून. विधीला कशाला कळायला हवं? आज सूट, उद्या पावभाजी!

ती विचारत होती, "दादी, मोठ्या दादी काहीतरी मागतायत."
"मागू दे. म्हातारपण आहे. चौविहार आहे त्यांचा."
मान डोलावली. शहाणी पोर.

२ सप्टेंबर
सासूबाईंनी मला ओळखलं नाही. "तू कुणाची गं?" अखिल पोटात होता तेव्हा याच बाईने माझ्यापुढचं ताट उचललं होतं — सूर्य बुडाला म्हणून. आज चमचा जरा उशिरानेच पुढे केला.

४ सप्टेंबर
धुळ्याला निघाले. देवपूरला बहिणीच्या महिन्याच्या उपवासाचं पारणं. एक मुक्काम. अखिल आणि सूनबाई सुरतेला लग्नात. विधीला ग्लुकोजचं सांगावं का? रिक्षात बसेपर्यंत ओठांवर होतं. "सातनंतर काही देऊ नकोस," एवढंच बोलले. एका संध्याकाळीत काय होतंय!

६ सप्टेंबर
सासूबाई गेल्या. परवा, मी नसताना.
विधी दारातच म्हणाली, "दादी, त्यांनी खूप हात जोडले. मी नाही दिलं. शेवटपर्यंत व्रत मोडू दिलं नाही."
डोळे कोरडे. चेहरा उजळलेला! स्थानकात बायका तिची दृष्ट काढतायत.

९ सप्टेंबर
अखिलच्या हाती फळीवरचा डबा लागला. "मम्मी, एवढं ग्लुकोज कुणाला लागलं?"
विधी बघत होती. "दादी... तुम्ही त्यांना देत होतात?"
"नाही. मीच प्यायचे. दुपारी."
पोरीने केवढा श्वास सोडला!

१० सप्टेंबर
विधी दीक्षा घेणार. अखिल ओरडतोय, सूनबाई रडतेय.
पाया पडून म्हणाली, "दादी, हे मला तुमच्याकडून मिळालं."