उडणारा पाय

शकूबाय,

लिहीन लिहीन म्हणत रोज तलावपाळीवरच भटकलो. तिथे एकजण माकड नाचवतो, ते असो.

बा मिठागरात पाठीवर पडल्यापासून उठलाच नाही. इस्पितळात रोज शिकाऊ डॉक्टर येऊन त्याच्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारतात. पाय टणकन उडतो. बा खूश होऊन म्हणतो, “आजून मारा रं, मना सनाला चालत घरा जावाचा हाय.” पाय उडतो, एवढाच निरोप मी तुला धाडलेला.

काल त्यातल्याच एकाने मला बाजूला घेतलं. “इतका उडतो, कारण डोक्याचा हुकूम पायापर्यंत पोचत नाही. ते आता चालणार नाहीत.”

बाला सांगायची माझी छाती होत नाही. तू तरी

बाय, वॉर्डाच्या दारात तूच आलीस. काखेत बाच्या नव्या वहाणा आहेत.

तुझा धाकटा,
राघो